पाखरांचा सप्ताह आणि ज्वारीचा राखणदार

येत्या ५ ते १२ नोव्हेंबरला राज्यात पक्षी सप्ताह आहे. सरकारने २०२० साली तो सुरू केला. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अलींचा. या दोन तारखांमधले दिवस पाखरांचे, असा हा हिशेब. पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यापासून जायकवाडीच्या जलाशयापर्यंत या दिवसांत पक्षी निरीक्षणाच्या फेऱ्या निघतात. शाळेतल्या पोरांच्या चित्रकला स्पर्धा होतात, फोटोंची प्रदर्शने लागतात, व्याख्याने होतात. थंडी वाढली की त्यालाच जोडून पर्यटनाचे महोत्सव येतात, लोककलेचे महोत्सव येतात, हुरड्याच्या पार्ट्या येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने निसर्ग, गाणे आणि खेडे यांच्या कौतुकाचे असतात.

त्याच दिवसांत तुमच्या शिवारात काय चाललेले असते? सीतादही होऊन कापसाचा पहिला वेचा घरात आलेला असतो. दुसऱ्या वेच्याला बाया मिळत नाहीत म्हणून धनीण स्वतः ओटी बांधून रानात असते. खरिपाची ज्वारी जिथे उरली आहे तिथे कापणीला आलेली असते. रब्बीची ज्वारी वर येत असते आणि तिच्यावर उतरायला भोरड्यांचे थवे परमुलखातून येऊन तयार असतात. म्हणजे ज्या पाखरांचा सप्ताह आहे त्यांच्या चोचीत दाणा घालणारा माणूस त्या सप्ताहात मंडपाच्या आसपासही नसतो. तो रानात असतो. त्याला निमंत्रण नसते आणि असते तरी सवड नसते.

यावर दोन तऱ्हेचे लोक आमच्यावर उखडणार आहेत. शहरातले पक्षीप्रेमी म्हणतील, शेतकऱ्यांच्या चळवळीने कापसाच्या भावाचे बोलावे, चिमण्या-पोपटांत नाक कशाला खुपसावे? आणि आमच्यातलेच काही म्हणतील, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. २०२५ च्या ऑगस्टात, ऐन बोंडे भरण्याच्या वेळी, सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि वेचणीचा हंगाम अर्धा सरेपर्यंत, डिसेंबरअखेरपर्यंत, ते उठवूनच ठेवले. असल्या दिवसांत पाखरे आणि गाणी कोणाला सुचतात?

आमचे दोघांनाही एकच उत्तर आहे. पाखरे आणि गाणी ही आपल्या शेतीची मिळकत आहे. ती आपल्याच शिवारात पिकली. आज त्यांचा बाजार दुसरे भरवतात आणि त्या बाजारात आपण फक्त पडद्यावरचे चित्र म्हणून असतो. भावाची लढाई आणि ही लढाई वेगळ्या नाहीत. ज्वारीला भाव असता तर राखणदार माळ्यावर असता, राखणदार असता तर पाखरूही असते आणि गाणेही. तेव्हा या सप्ताहावर बहिष्कार टाकायचा नाही. तो आपल्या शिवारात ओढून आणायचा.

कर्नाळ्याशी आपला काय संबंध?

तुम्ही विचाराल, कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखाने कोकणातल्या कर्नाळ्याची चौकशी का करावी? सांगतो.

कर्नाळा हे महाराष्ट्रातले पहिले पक्षी अभयारण्य. १९६८ साली ते जाहीर झाले. तेव्हा क्षेत्र होते ४.४८ चौरस किलोमीटर, २००३ साली वाढून १२.११ चौरस किलोमीटर झाले. मुंबई-गोवा रस्ता त्याला छेदून जातो. वर अंगठ्यासारखा सुळका असलेला किल्ला, खाली दाट झाडी. स्वर्गीय नर्तक, शीळकरी कस्तुर, राखी धनेश, तांबट, कर्णा अशी पाखरे तिथे आहेत. चितमपल्ली वन खात्यात असताना या अभयारण्याच्या घडणीला त्यांचा हात लागलेला आहे. पनवेल-उरणची भातशेती १९७० नंतर नवी मुंबईसाठी सरकारने घेतली. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी लढा दिला, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. आज त्याच भागात विमानतळ उभा आहे. एवढी उलथापालथ होत असताना बारा चौरस किलोमीटर जंगल तरी शाबूत राहिले, हे चांगलेच झाले. कर्नाळ्याविषयी आमची तक्रार नाही.

आमची तक्रार आहे ती कर्नाळ्यावरून शहराने जी समजूत करून घेतली तिच्याविषयी. पाखरू म्हणजे जंगलातले पाखरू. ते तिकीट काढून, दुर्बीण लावून, सकाळच्या थंडीत पाहायचे. पाहिले, नाव वहीत लिहिले, पोरांना दाखवले, झाला निसर्ग. कर्नाळा मुंबईच्या जवळचे, म्हणून वर्तमानपत्रात, शाळेच्या सहलीत, सरकारी जाहिरातीत तोच नमुना ठरला. या नमुन्यात चिमणीला जागा नाही. होल्याला नाही, सुगरणीला नाही, भोरडीला नाही, वखरामागे चालणाऱ्या गायबगळ्याला नाही. कारण ही पाखरे कुंपणाच्या आत राहत नाहीत. ती तुमच्या-आमच्या रानात राहतात आणि आमच्या खर्चाने जगतात.

आता गंमत पाहा. ज्यांच्या जन्मदिवशी सप्ताह संपतो त्या सलीम अलींचे नाव ज्या अभ्यासाने झाले तो त्यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला केला. अभ्यास कशाचा? सुगरणीचा. तीच सुगरण, जी विहिरीवरच्या बाभळीला खोपे टांगते आणि ज्वारी दुधात आली की कणसावर येऊन बसते. ज्यांच्या जन्मदिवशी सप्ताह सुरू होतो ते चितमपल्ली सोलापूरचे, म्हणजे ज्वारीच्याच मुलखातले. पाखरांची, झाडांची नावे त्यांनी आदिवासी, पारधी, गुराखी यांच्या तोंडून गोळा केली आणि त्यातून पक्षीकोश उभा केला. १८ जून २०२५ रोजी ते गेले. या दोन्ही माणसांना शेताचे पाखरू परके नव्हते. त्यांच्या नावाने सप्ताह करणाऱ्यांना ते परके वाटते.

डोंगराखालची माणसे

कर्नाळ्याच्या वाटेवर पाखरांच्या पाट्या आहेत. पण या डोंगराच्या सावलीत माणसेही झाली.

पायथ्याच्या शिरढोणला ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांचे आजोबा याच किल्ल्याचे किल्लेदार होते. वासुदेव बळवंत पुण्यात सरकारी कचेरीत कारकुनी करत होते. १८७६-७७ चा दुष्काळ पडला, ज्वारीच्या मुलखातली माणसे आणि गुरे रस्त्याच्या कडेला मेली. ते पाहून हा कारकून पेटला, १८७९ साली रामोशांना घेऊन उठला, पकडला गेला आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात मेला. तो दुष्काळ आपल्या वाडवडिलांचा होता.

तिथून जवळच उरण तालुक्यातले चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० रोजी तिथे जंगल सत्याग्रह झाला. लाकूडफाटा आणि चराई यांवरचा आपला हक्क सांगायला आगरी, कोळी, कातकरी रानात गेले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ जण मेले, त्यांत नाग्या महादू कातकरी होता. त्याच वर्षी १० जुलैला आपल्या पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव रानातले गवत कापून सत्याग्रह केला होता. चिरनेर आणि पुसद, कोकण आणि वऱ्हाड, मागणी एकच होती: जे रान आम्ही राखतो त्यातला वाटा आम्हाला द्या.

म्हणून आमची कर्नाळ्यातल्या आयोजकांना पहिली सूचना अशी. तुमचा सप्ताह ५ तारखेला सुरू होतो. तो एक दिवस आधी, ४ तारखेला शिरढोणला सुरू करा. कस्तुराची शीळ पोरांना ऐकवा आणि नाग्या कातकऱ्याचे नावही ऐकवा. धवळे गाणाऱ्या आगरी धवलारणींना मानाने बोलवा, त्यांच्या गाण्याचे पैसे द्या. आणि तिकिटाचे जे उत्पन्न होते त्यातले किती आजूबाजूच्या ठाकूर-कातकरी वाड्यांपर्यंत जाते, हा हिशेब त्या गावांच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. जमा-खर्च वाचायला निधी लागत नाही, तयारी लागते.

ज्वारी का गेली, पाखरू कुठे गेले

आता आपल्या शिवारात येऊ. महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा राज्यात ज्वारी साठ लाख हेक्टरांच्या घरात होती. आज त्याच्या एक तृतीयांशही उरलेली नाही. विदर्भातली खरीप ज्वारी तर शोधावी लागते. लोक म्हणतात शेतकऱ्याने ज्वारी सोडली. शेतकऱ्याने सोडली नाही, त्याच्या हातून ती सोडवली गेली.

१९६४ साली सीएसएच-१ हे पहिले संकरित वाण आले. उत्पन्न वाढले. पण लवकर येणारी ज्वारी परतीच्या पावसात सापडू लागली, दाणा काळा पडू लागला, व्यापारी नाक मुरडू लागला. बुटक्या धाटाचा कडबा कमी, म्हणून बैल सांभाळणे महाग. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त, म्हणून भाकरी खाणारेही कमी झाले. सोयाबीन आले, शंभर दिवसांत रोकड देऊ लागले. हे सगळे तुम्हाला माहीत आहे. पण एक कारण असे आहे की ते कोणत्याच सरकारी अहवालात ठळक येत नाही. ते म्हणजे पाखरू.

आमच्यापैकी ज्यांनी कृषी महाविद्यालयात पदव्या घेतल्या त्यांना हे पुस्तकात एका ओळीत शिकवले होते: दाणे भरताना पक्ष्यांपासून राखण करावी. ती एक ओळ रानात काय असते ते पाहा. दाणा चिकात आल्यापासून कापणीपर्यंत तीन-चार आठवडे पहाटे आणि दुपार कलल्यावर माळ्यावर माणूस हवा. पंचवीस दिवस धरा, रोज तीनशे धरा, साडेसात हजार झाले. २०२५-२६ च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये होता. म्हणजे हमीभाव हातात पडला असे धरले, आणि बाजारात तो किती वेळा पडतो हे तुम्हीच सांगा, तरी दोन क्विंटल ज्वारी नुसत्या राखणीत गेली.

पूर्वी हा भार इतका नव्हता, कारण तो वाटला जात होता. गावात पाचशे एकर ज्वारी असली की हजार पाखरांचा थवा पाचशे एकरांत पांगायचा. कोणाचे ओंजळभर गेले, कोणाचे पसाभर. आज त्याच गावात ज्वारी आहे पाच एकर, बाकी सोयाबीन आणि कापूस. थवा तोच, ताट एकच. ज्याने घरच्या भाकरीपुरती आणि बैलाच्या कडब्यापुरती दोन एकर पेरली त्याच्या कणसांची नुसती भुसे उरतात. पुढच्या वर्षी तोही पेरत नाही. मग थव्यालाही दाणा नाही. ज्वारी हटली म्हणून पाखरांचा मार वाढला, मार वाढला म्हणून ज्वारी आणखी हटली आणि शेवटी पाखरूही हटले. चिमण्या कमी झाल्या म्हणून शहरात परिसंवाद होतात. चिमणीचे शिवार कसे मोडले हे त्या परिसंवादात कोणी सांगत नाही.

आणि तरीही आमचा शेतकरी पाखरू मारत नाही. आफ्रिकेत क्वेलिया नावाच्या चिमणीएवढ्या पाखराचे लाखांचे थवे ज्वारी-बाजरीवर उतरतात, तिथली सरकारे विमानातून त्यांच्यावर विष फवारतात. आमचा राखणदार गोफण फिरवतो, डबा वाजवतो, हाळी देतो. पाखरू उठते, बांधावर बसते, परत येते. खळ्यावर रास झाली की पाखरांच्या वाट्याचे चार दाणे टाकणारी आमची माणसे आहेत. यांना निसर्ग शिकवायला कोणी यावे लागत नाही.

भोरडीचेच पाहा. हिवाळ्यात आमच्या ज्वारीवर तुटून पडणारी ही भोरडी उन्हाळ्यात मध्य आशियात असते. तिथे ती टोळ आणि नाकतोडे खाते. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळ आवरण्यासाठी तिला घरटी करता यावीत म्हणून दगडांचे ढीग रचून देतात, खास घरे बांधून देतात. तिथे ती सरकारची कामगार आहे. आणि या कामगाराला हिवाळाभर पोसतो कोण? सोलापूर, बीड, बुलढाण्याचा ज्वारीवाला. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. पोसायला आमची ना नाही. निदान पोशिंदा कोण आहे हे सप्ताहाच्या फलकावर लिहा.

पाखरू आमच्या कामाचेही आहे

हा सगळा तोट्याचाच व्यवहार आहे असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे खोटे होईल. कोतवाल, साळुंकी, वेडा राघू, गायबगळा ही पाखरे अळ्या आणि किडे टिपतात. चिमणी दाणे खाते पण पिलांना अळ्या भरवते. तुरीत, हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षीथांबे लावा अशी कृषी विद्यापीठांची शिफारस आहे. हरभऱ्यात मूठभर ज्वारी मिसळून पेरली तर तिची ताटे म्हणजे जिवंत पक्षीथांबेच. कापसात मात्र फुशारकी मारू नये. बोंडाच्या आत शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत कोतवालाची चोच पोचत नाही. पण पानावर, फुलावर उघडी फिरणारी अळी तो उचलतो आणि तेवढी एखादी फवारणी वाचली तरी ती आपल्याच खिशात राहते.

फवारणीचे नाव निघाले की २०१७ साल आठवते. यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा ज्या औषधांची नावे पुढे आली त्यांत मोनोक्रोटोफॉस होते. त्याच्या वीस वर्षे आधी, १९९५-९६ च्या हंगामात, अर्जेंटिनातल्या शेतांत याच औषधाने हजारो स्वेन्सन बाज मेले होते. उत्तर अमेरिकेतून हिवाळा काढायला गेलेली ती पाखरे. जगभर बोभाटा झाला आणि ते औषध तिथे बंद झाले. पाखरे मेली तेव्हा आमच्या सरकारने तिकडे पाहिले असते तर माणसांवर वेळ आली नसती. पाखरू आणि फवारणारा मजूर एकाच विषाने मरतात, मग पक्षी सप्ताहात या विषावर बोलायचे नाही तर कधी?

गाणी कुठे गेली

पाखरांचे जे झाले तेच गाण्यांचे. लोककला महोत्सवात रंगमंचावर दहा बाया कोऱ्या नऊवारीत उभ्या राहून भलरी म्हणतात. भलरी हे कापणीचे गाणे आहे. ओळीने वीस माणसे ज्वारी कापताना हात एका तालात चालावा म्हणून ते जन्मले. वीस माणसे एका रानात कापणीला येईनात, तिथे भलरी कोणी म्हणायची? जात्यावरच्या ओव्या भाकरीच्या पिठाबरोबर आल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, केवढे थोर काम! पण जाते गेले याचे दुःख आम्ही करणार नाही. पहाटे उठून दोन-दोन पायल्या दळणाऱ्या बाईला विचारा, ती गिरणीलाच आशीर्वाद देईल. कष्ट जावेत आणि गाणे राहावे असे वाटत असेल तर त्या बाईच्या हातात सवड आणि पैसा यायला हवा. तो येत नाही आणि रंगमंचावर मात्र प्लॅस्टिकचे जाते फिरते.

पण सगळेच गेलेले नाही. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की वऱ्हाडात आजही झडत्या म्हणतात. त्यांत सावकार येतो, सरकार येते, कापसाचा भाव येतो, सगळ्यांची हजेरी घेतली जाते. झडतीला मानधन नाही, प्रायोजक नाही, म्हणून ती कोणाला भीत नाही. दिवाळीच्या आधी गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला लाखो माणसे येतात, खंजिरी वाजते. गावोगावची भजनी मंडळे स्वतःच्या खर्चाने येतात. खेड्याचा कार्यक्रम असा असतो: गाणारा आणि ऐकणारा एकाच पंगतीला बसतो.

माळढोकचा धडा

कोणी म्हणेल, मग शेतातल्या पाखरांसाठी सरकारने अभयारण्येच काढावीत. नको रे बाबा! तो प्रयोग आपल्या ज्वारीच्या मुलखात झालेला आहे. १९७९ साली सोलापूर-अहमदनगर भागात माळढोक अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. कर्नाळा आजच्या आकाराचे धरले तरी त्याच्या सातशे पट. गोवा राज्य त्यात दोनदा मावेल. शेते, गावे, तालुके सगळे कागदावर अभयारण्य. जमिनीचे व्यवहार अडले, बांधकामे अडली आणि पिढीभर लोक हेलपाटे घालत राहिले. गोष्ट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास खाली आले. एवढे करून माळढोक राहिला का? कालव्याचे पाणी आले, ऊस आला, माळ मोडले, विजेच्या तारा आल्या. आज नान्नजला माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते.

हा पक्षी रब्बी ज्वारी, पडीक रान आणि गवताळ माळ यांच्या मेळात शेकडो वर्षे राहिला होता. तो मेळ शेतकऱ्याने सांभाळला होता. सरकारने पाखराला कायदा दिला, ज्वारीला भाव दिला नाही. शेतकरी उसाकडे गेला, यात त्याचा गुन्हा काय? कुंपण घालून जंगलाचे पाखरू राहील, शेताचे राहणार नाही. शेताचे पाखरू शेत फायद्यात असेल तरच राहते.

मग करायचे काय?

जिल्हा मेळाव्यापुढे आम्ही पाच गोष्टी ठेवत आहोत. त्यांवर बोला, त्यांत भर घाला, पण हात वर करून ठराव केल्याशिवाय उठू नका.

पहिली. पक्षी सप्ताहाचा प्रत्येक तालुक्यात निदान एक कार्यक्रम ज्वारीच्या किंवा कापसाच्या शिवारात झाला पाहिजे, अशी लेखी मागणी तहसीलदार आणि वन खात्याकडे या आठवड्यातच द्या. तिथे व्याख्याता म्हणून राखणदाराला उभे करा. कोणते पाखरू कोणत्या महिन्यात येते, कुठल्या कणसावर बसते, कुठल्या अळीला खाते, हे त्याच्याइतके कोणाला माहीत नाही.

दुसरी. ज्वारीच्या राखणीची मजुरी हमीभावाच्या खर्चात वेगळी ओळ म्हणून धरा. वन खात्याची पीकनुकसान भरपाई रानडुक्कर, रोही, हरीण, माकड अशा जनावरांसाठी आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वन्य प्राण्यांचे नुकसान खरीप २०२६ पासून पीक विम्यात घेण्याचे जाहीर केले, तेही याच धर्तीवर. पाखरे यात कुठेच नाहीत. कणीस टोचल्याचा पंचनामा करत बसणे अवघड आहे हे आम्ही जाणतो. म्हणून नुकसानीपेक्षा राखणीचे मोल मागा. ते मोजता येते.

तिसरी, आणि ही सरकारवर अवलंबून नाही. ज्वारी एकएकट्याने पेरू नका. पुढच्या हंगामात गावातल्या दहा-पंधरा जणांनी बैठक घ्या, एका अंगाला लागून असलेली राने निवडा, एकाच आठवड्यात, एकाच मुदतीचे वाण पेरा. थवा पांगेल, कणसे एकाच वेळी भरतील, राखणीचे दिवस कमी होतील आणि पाळीपाळीने राखण करता येईल. पंधरा घरांत एक माळा पुरतो.

चौथी. हुरडा विका. शहरातली मंडळी हुरड्याला पैसे मोजून येतात. या सगळ्या महोत्सवी बाजारात ज्वारीवाल्याच्या हातात थेट पैसा पडतो असे हे एकच ठिकाण आहे. पण तो धंदा आज रस्त्याकडेच्या मोठ्या फार्मवाल्यांच्या हातात चालला आहे. चार घरांनी मिळून आगटी पेटवा, गावचे भजनी मंडळ किंवा शाहीर बोलवा, त्याचे मानधन हुरड्याच्या दरात धरा आणि सकाळी पाहुण्यांना शिवारातली पाखरे दाखवा. बायांनी भाजायचे, वाढायचे आणि पैसे पुरुषाने मोजायचे असे मात्र चालणार नाही. कामाचा हिस्सा तसा पैशाचा हिस्सा.

पाचवी. सरकारी पैशाने होणाऱ्या प्रत्येक महोत्सवाचा जमा-खर्च ज्या गावाच्या हद्दीत तो झाला त्या ग्रामसभेत मांडला जावा. मंडपाला किती, पाहुण्यांच्या गाड्यांना किती, कलावंताला किती आणि शेतकऱ्याला किती. मंडपवाला आणि शाहीर यांच्या आकड्यांत किती फरक आहे ते एकदा सगळ्यांना दिसू द्या.

कर्नाळ्याला जाऊ नका असे आम्ही सांगत नाही. पोरांना घेऊन जरूर जा. शिरढोणला उतरा, चिरनेरला हुतात्म्यांपुढे उभे राहा, किल्ल्याखालच्या झाडीत कस्तुराची शीळ ऐका. परत आल्यावर आपल्या बांधावरच्या बाभळीकडे पाहा, सुगरणीचे खोपे किती उरलेत ते मोजा. मेळाव्याला येताना तो आकडा, गावातल्या ज्वारीचे एकर आणि राखणीला लागलेले दिवस, असे तीन आकडे कागदावर लिहून आणा. सगळ्या गावांचे कागद एकत्र करून आपण ते १२ नोव्हेंबरला, सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, जिल्हाधिकारी कचेरीत देऊ. त्या दिवशी तिथे पाखरांवर भाषण असेलच. ते संपले की आपला राखणदार उठेल आणि आकडे वाचेल.